मॉस्किटोला मोटर कोणती, हे सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, दुसऱ्या महायुद्धातलं दोन इंजिनांचं लढाऊ विमान डी हॅविलँड मॉस्किटो, त्याचं रिमोटवर उडणारं मॉडेल १:८ मापात स्वतः डिझाइन करून बांधायचंय, वजन अंदाजे ५ किलो धरलंय. मोटर किती केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे) घ्यावी, प्रॉप (प्रोपेलर, पुढचा पंखा) कोणता लावावा, आणि जाता जाता, एक मोटर बंद पडली तर दुसरीवर विमान परत येईल का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं हॉबीच्या दुकानातला पोरगाही देईल. तिसरा तुम्ही शेवटी चिकटवलाय, पण सगळं डिझाइन त्याच्यावरच उभं आहे. म्हणून उलट्या क्रमाने सांगतो. मोटर शेवटी येईल.

आधी माझ्याबद्दल एवढंच, की मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करतो. विमानाचं गणित पुस्तकातून कमी आणि पडलेली विमानं गोळा करताना जास्त शिकलोय. त्यातलं एक सांगतो, कारण त्यात तुमचं उत्तर आहे.

माझं पहिलं ट्विन, म्हणजे दोन मोटरींचं विमान, दीड मीटरचं होतं. मॉस्किटो नव्हे, साधंच, फोमचं अंग आणि बाल्साचे (अगदी हलक्या लाकडाचे) पंख. उतरवायला आणत होतो, शेवटचं वळण, थ्रॉटल (मोटरची ताकद कमी-जास्त करणारी दांडी) पाव. डाव्या प्रॉपचा नट सैल राहिला होता. प्रॉप सुटून गेला आणि मोटर रिकामी किंचाळायला लागली. आता गंमत बघा: आवाज वाढला, म्हणून माझ्या कानांना वाटलं पॉवर भरपूर आहे. विमान मात्र बसायला लागलं. साहजिकच मी थ्रॉटल पुढे ढकलला. उजवी मोटर पूर्ण जोरात, डावीकडे काहीच नाही. विमान डावीकडे तोंड फिरवता फिरवता डाव्या पंखावर कलंडलं, उताणं झालं आणि नाक खाली घालून आडसाली उसात शिरलं. प्रॉप सुटल्यापासून दोन-तीन सेकंद. पुढचे दोन तास आम्ही तिघं त्या उसात पाचट तुडवत फिरलो, हातापायांवर ओरखडे, आणि बांधावर बसलेला शेतमालक दर दहा मिनिटांनी विचारतोय, "घावलं का वो इमान?"

चूक नटाची होती असं तेव्हा वाटलं. नट ही निमित्ताची चूक. खरी चूक माझ्या बोटांची, कारण मी पॉवर वाढवली. का, ते आकड्यांत बघू.

समजा मॉडेल १:१० आहे. (१:८ का नको ते पुढे सांगतो.) प्रत्येक मोटर १.२ किलो ओढते असं धरा. मोटर मध्यरेषेपासून साधारण २५ सेमी बाहेर आहे, शेपटाचा उभा पंख सीजीपासून (विमानाच्या तोलाच्या बिंदूपासून) साधारण ७० सेमी मागे. एक मोटर मेली की दुसरी विमानाला फिरवते, आणि तिला अडवायला शेपटाने आडवा जोर लावायचा: १.२ गुणिले २५ भागिले ७०, म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम. फिन (तोच उभा पंख) आणि रडर (त्याचा मागचा हलणारा भाग) मिळून क्षेत्रफळ ३ चौरस डेसिमीटर धरलं आणि रडर पूर्ण दाबला, तरी ताशी ३६ किमीला हे शेपूट जेमतेम १६५ ग्रॅम जोर देतं. ४३० ग्रॅम मिळायला वेग ५८ च्या आसपास हवा.

आणि हेच विमान अडीच किलोचं असेल तर स्टॉल होतं (पंखांची उचल सुटून पडतं) साधारण ३५ किमीला. म्हणजे ३५ ते ५८ या पट्ट्यात विमान हवेत राहू शकतं, पण एका मोटरवर पूर्ण थ्रॉटल दिला तर सरळ राहू शकत नाही. लँडिंगचं वळण नेमकं याच पट्ट्यात घेतलं जातं. मी तिथेच होतो.

आता थ्रॉटल अर्धा करा. ओढ ६०० ग्रॅम झाली, शेपटाकडून मागणी २१५ ग्रॅमची, आणि तेवढा जोर ४१ किमीलाच मिळतो. म्हणजे एक मोटर गेल्यावर तुमचा सगळ्यात मोठा रडर हा थ्रॉटलच असतो, फक्त तो मागे ओढायचा असतो. तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: उंचीवर, ६० च्या वर वेग असताना, हो, येईल. खाली आणि हळू असताना नाही येणार, तेव्हा दोन्ही बंद करायचे आणि समोर जे रान असेल त्यात सरळ बसवायचं. पंख फाटला तरी विमान दुरुस्त होईल.

हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या ड्रॉइंगवर फिन किती भरतो, मोटर किती बाहेर बसतात, यावर ते दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतील. म्हणून स्वतःच्या ड्रॉइंगवर मोजा, चौकटीचा कागद घेऊन चौकोन मोजले तरी चालतील. पट्टा फार रुंद निघाला तर फिन थोडा मोठा करा. दहा टक्के वाढवलेला फिन माळावर कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. स्पर्धेत स्केलचे (खऱ्या विमानासारखं हुबेहूब असण्याचे) गुण हवे असतील तर गोष्ट वेगळी.

एक ऐकीव सल्ला तुम्हाला मिळेलच: "मोटरी दोन अंश बाहेर वळव, एक बंद पडली तरी काही होत नाही." गणित करून बघा. मोटर सीजीच्या पुढे जेमतेम १५ सेमी आहे, त्यामुळे २ अंशांनी तो २५ सेमीचा हात साडेचोवीस होतो. द्यायचे तर द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

फिरण्याच्या दिशेचा मात्र फायदा घ्या. खऱ्या मॉस्किटोची दोन्ही मर्लिन इंजिनं एकाच दिशेला फिरायची. त्यामुळे धावपट्टीवर विमान डावीकडे ओढायचं, आणि पायलट डावा थ्रॉटल थोडा आधी पुढे द्यायचे. आपल्याला ती सक्ती नाही. ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते, फक्त त्या बाजूला उलट्या पिळाचा प्रॉप लागतो. मी पाती वरच्या बाजूला फ्युजलाजकडे (विमानाच्या धडाकडे) येतील अशी फिरवतो. मग नाक वर असताना जास्त ओढणारं, खाली जाणारं पातं आतल्या बाजूला राहतं आणि एक मोटर गेल्यावर फिरवण्याचा जोर थोडा कमी होतो. अमेरिकन पी-३८ मध्ये उत्पादनाच्या विमानांवर हे मुद्दाम उलट, बाहेरच्या बाजूला ठेवलं होतं, बंदुकांचा नेम स्थिर राहावा म्हणून. तुमच्या मॉडेलला बंदुका नाहीत.

आता १:८ की १:१०. मोठं मॉडेल जास्त चांगलं उडतं, यात वाद नाही. पण तुमच्या ५ किलोंवर माझा विश्वास बसत नाही. खऱ्या मॉस्किटोचा विंगस्पॅन १६.५१ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस मीटर. १:८ ला स्पॅन २.०६ मीटर आणि क्षेत्रफळ ६६ चौरस डेसिमीटर. ५ किलोला डेसिमीटरमागे ७६ ग्रॅम पडतात, जमण्यासारखं आहे. पण तुम्ही लिहिलंय फॉर्मर (धडाला आतून आकार देणारे आडवे तुकडे) ५ मिमी प्लायचे. ५ मिमी प्लायचे फॉर्मर, आत रिट्रॅक्ट (उड्डाणात आत मिटणारे पाय), वर कॉलेजातल्या मित्रांचा दोन हात जास्त रंग, की ते ७ किलोला जाऊन बसतं. मग डेसिमीटरमागे १०६ ग्रॅम, आणि स्टॉल ४० वरून ४७ ला. मुरमाच्या पट्टीवर पहिल्यांदाच ट्विन उतरवणाऱ्या माणसाला हे झेपत नाही. तुम्हाला ३ किलोच्या वरची विमानं उडवायचा सराव असेल, पट्टी शंभर मीटरची गुळगुळीत असेल, तर १:८ करा, मी अडवणार नाही. तुमच्या प्रश्नावरून मला तसं वाटलं नाही.

१:१० ला स्पॅन १.६५ मीटर, क्षेत्रफळ ४२ चौरस डेसिमीटर, वजन २.५ किलो, डेसिमीटरमागे ५९ ग्रॅम. इथे अनेकांची एक फसगत होते. खरं फायटर-बॉम्बर मॉस्किटो पूर्ण भरलेलं साधारण १० टन. ते दहापट लहान केलं की वजन हजारपट कमी होतं, म्हणजे १० किलो. आपल्याला त्याच्या पाव वजनात ते उभं करायचंय. म्हणून खऱ्या विमानात जिथे जितके फॉर्मर, तिथे तितके आपल्याला नकोत.

वजनाचा हिशेब मी असा मांडतो. बॅटरी ४२०, दोन मोटरी २२०, दोन ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं) ८०, प्रॉप आणि स्पिनर ६०, सहा सर्व्हो (रडरसारखे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) १००, रिसीव्हर, बीईसी (रिसीव्हरला वीज पुरवणारं सर्किट) आणि वायरी १००, पाय आणि चाकं २५०. झाले १२३० ग्रॅम. उरले १२७०, त्यात लाकूड, ग्लू, कव्हरिंग, रंग सगळं. हा कागद बाकावर चिकटवा आणि प्रत्येक भाग बसवण्याआधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. घरच्यांची बोलणी खावी लागतील, ती खा. शेपटाकडे तर कंजूषपणा करा: मागे १० ग्रॅम वाढले की नाकात वीस-पंचवीस ग्रॅम शिसं जातं. सीजी सरासरी कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागे रुंदीच्या) २५ टक्क्यांवर ठेवून पहिलं उड्डाण करा, मागे न्यायचा विचार नंतर.

पंखाबद्दल थोडं सविस्तर, कारण मॉस्किटोचा पंख मुळाशी रुंद आणि टोकाला निमुळता आहे. आपल्या मापात मुळाशी ३७ सेमी, टोकाशी जेमतेम १२. लहान कॉर्डला हवा लवकर सुटते, त्यामुळे हळू उडताना टोक आधी स्टॉल होतं आणि विमान एका बाजूला पडतं. उपाय वॉशआऊट: टोकाचा रिब (पंखाला आकार देणारी आतली पट्टी) २ अंश नाक खाली, म्हणजे १२ सेमीच्या रिबचा मागचा काठ ४ मिमी वर. हे ४ मिमी जिगमध्येच (पंख धरून बांधायच्या साच्यातच) द्या. सपाट टेबलावर पंख बांधून नंतर पिळायला जाऊ नका. प्रोफाइल (पंखाच्या छेदाचा आकार) मुळाशी एनएसीए २४१५, टोकाला २४१२, एवढं साधं पुरतं.

आणि हे ४ मिमी पावसाळ्यात टिकले पाहिजेत. माझा एक पंख मे महिन्यात झाला, जुलैभर वर्कशॉपच्या भिंतीला टेकून उभा होता. ऑगस्टमध्ये बघतो तर उजव्या टोकाचा वॉशआऊट ४ चा दीड मिमी झालेला, डाव्याचा तसाच. डोळ्याला काही दिसत नव्हतं. टेबलावर ठेवून दोन्ही टोकांखाली ठोकळे सरकवले तेव्हा कळलं. मग बायकोच्या हेअर ड्रायरने फिल्म तापवायची, हाताने पीळ द्यायचा, गार होईपर्यंत धरून उभं राहायचं, असा एक अख्खा रविवार गेला. कोल्हापूरच्या पावसात बाल्साच्या शीट वर्कशॉपात ठेवू नका, घरात कपाटावर ठेवा.

यावरून आठवलं. मॉस्किटो निवडलंत हे मला आवडलं, ते माझ्या धंद्यातलं विमान आहे. नोव्हेंबर १९४० मध्ये ते पहिल्यांदा उडालं, आणि धातूच्या जमान्यात ते लाकडाचं होतं: आत-बाहेर बर्च प्लाय, मध्ये बाल्सा. फ्युजलाज डावा-उजवा दोन अर्ध्या कवचांत साच्यावर बांधायचे, आतली बरीचशी जोडणी कवच उघडं असतानाच करायचे, मग दोन्ही अर्धे चिकटवायचे. आमच्याकडे स्प्लिट पॅटर्न करतात तसंच, मध्यरेषेवर दोन फाके आणि डॉवेल. तुम्हीही फ्युजलाज असंच करा. उभे फॉर्मर ओवत बसण्यापेक्षा अर्धा फ्युजलाज ड्रॉइंगवर सपाट ठेवून बांधला की तो वाकडा होत नाही, आणि शेपटाच्या पुशरॉडच्या नळ्या, वायरी हाताला येतील अशा बसवता येतात. फॉर्मर २ मिमी लाइट प्लायचे, तेही मधून पोखरलेले. ५ मिमी फक्त जिथे पंख आणि पाय बसतात तिथे.

फक्त पॅटर्नच्या दुकानातली पट्टी वापरू नका. आमच्याकडे ओतीव लोखंड आकसतं म्हणून दर १०० मिमीला १ मिमी जास्त असलेली पट्टी असते. मी एकदा नॅसेलचे (पंखावरच्या मोटरच्या घराचे) सगळे फॉर्मर त्याच पट्टीने आखले आणि तयार काउल (त्याचं पुढचं झाकण) बसेना म्हणून दुकानदाराशी भांडून आलो.

ग्लूचंही तसंच. १९४४ मध्ये आपल्याकडे आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मॉस्किटोंचे पंख हवेत निखळल्याचे अपघात झाले. पहिला संशय इथल्या उष्ण-दमट हवेवर आणि ग्लूवर गेला. तपासात मात्र कारखान्यातली जोडणीच सदोष निघाली: जिथे प्लाय स्पारला (पंखातल्या मुख्य दांड्याला) घट्ट बसायला हवा तिथे फटी. फट ग्लूने भरली म्हणजे सांधा झाला असं होत नाही. स्पारचा सांधा आधी कोरडा बसवून उजेडासमोर धरा. उजेड दिसला तर पुन्हा रंधा मारा. स्पार आणि पायांच्या ठोकळ्यांना सावकाश सुकणारा इपॉक्सी, बाकी सगळ्याला पांढरा लाकडाचा ग्लू. सायनोने (झटकन चिकटणाऱ्या ग्लूने) फक्त जागेवर पकडायचं.

वायरिंगमध्ये मी दोन गोष्टींवर हट्ट धरतो. पहिली, दोन्ही ईएससी एकाच बॅटरीवर, एकाच बनावटीचे, आणि लो व्होल्टेज कट-ऑफ शक्य तितका खाली. नाहीतर बॅटरी उतरताना एक आधी बंद होतो, आणि तो नेमका लँडिंगलाच होतो. टायमर लावा, सहा मिनिटांनी खाली. रिसीव्हरला वेगळा बीईसी, ईएससीच्या लाल वायरी काढून ठेवा. दुसरी, दोन्ही ईएससी वाय-केबलने जोडू नका, रिसीव्हरच्या वेगवेगळ्या चॅनलला द्या. मग ट्रान्समीटरच्या एका स्विचवर एक मोटर मुद्दाम बंद करता येते.

हा स्विच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मॉस्किटो बांधायच्या आधी सनबोर्डचं एक सपाट, कुरूप ट्विन करा, तेवढ्याच स्पॅनचं, याच मोटरी, हीच बॅटरी. दोन संध्याकाळींचं काम. ते उंचीवर न्या, स्विच मारा, वेग हळूहळू कमी करत जा आणि रडर कुठे हात टेकतो ते बघा. मग थ्रॉटल मागे घेऊन विमान सरळ होताना बघा. दहा-वीस वेळा केलं की बोटं शिकतात. जायरो (विमान आपोआप सरळ ठेवू पाहणारं उपकरण) लावलात तर मदत होते, पण ५८ च्या खाली त्याच्याकडेही तेवढंच शेपूट आहे.

जागेचं आधी बघा. उजळाईवाडीचं विमानतळ जवळ असल्याने शहर आणि आसपासचा बराच भाग नियंत्रित हवाई क्षेत्रात येतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून १२ किमीपर्यंत निर्बंध आहेत, आणि हरित क्षेत्रातही उंचीची मर्यादा १२० मीटर. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून तुमचा माळ कुठल्या रंगात आहे ते बघितल्याशिवाय पट्टी आखू नका. ऊस तुटल्यावरची रानं मोकळी दिसतात, पण खोडव्यात चाकं अडकतात. हातकणंगले बाजूचा एखादा मुरमाड माळ बरा. पहिल्या उड्डाणांना रिट्रॅक्ट नको. पक्के पाय, चाकं स्केलपेक्षा थोडी मोठी.

आता मोटर. २.५ किलोला किलोमागे २८० वॉट धरले की ७०० वॉट, म्हणजे एकेकीला ३५०. ४ सेल ४००० एमएएच लायपो बॅटरी. ९०० केव्हीच्या आसपासची, शंभर-एकशेदहा ग्रॅमची मोटर, त्यावर तीन पात्यांचा ९x६ (नऊ इंच व्यास, सहा इंच पिळाचा) प्रॉप. प्रत्येक बाजूला साधारण २४ अँपिअर जातील, म्हणून ईएससी ४० चा. वॉटमीटर लावून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. आकडे ५ टक्क्यांपेक्षा जास्त वेगळे आले तर थ्रॉटल कॅलिब्रेशन पुन्हा करा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी इथली हवा प्रमाण हवेपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ असते, त्यामुळे माळावरचा आकडा कॅटलॉगमधल्यापेक्षा थोडा कमी येईल, घाबरू नका. वरचे स्टॉलचे आकडे मी या विरळ हवेचेच दिलेत.

आणि प्रॉपचे नट पान्याने आवळा, उलट्या फिरणाऱ्या बाजूचा तर दर उड्डाणाआधी, कारण साध्या आट्यांचा नट तिकडे सुटायच्या दिशेने फिरतो. माझा तो डावा प्रॉप त्या वर्षीच्या उसाबरोबर कारखान्यात गेला असणार, शेतात तरी तो सापडला नाही.